जेरेमी ब्रेटचा 'र'

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याला लहानपणी स्वतःचं नाव नीट घेता येत नव्हतं. नाव जेरेमी, आणि 'र' काही केल्या जिभेवर ठरत नसे. आपल्याकडे असं मूल 'राम'चं 'लाम' करतं, घरचे कौतुकानं पुन्हापुन्हा म्हणायला लावतात, आणि शाळेत जायला लागलं की बहुतेक वेळा बोबडेपणा आपोआप सुटतो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचा 'र' घसरतो तो 'व'च्या अंगानं. ह्याचा घसरत राहिला तो पार मिसरूड फुटेपर्यंत. सतराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. मग उच्चारांचे व्यायाम सुरू झाले. ते किती दिवस चालले? जन्मभर. हाती काम असो वा नसो, रोज.

तर हा जेरेमी ब्रेट. दूरदर्शनच्या पडद्यावरचा शेरलॉक होम्स म्हटला की माझ्या वयाच्या पुष्कळांना जो चेहरा आठवतो तो ह्याचा. मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजननं १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं ती मालिका काढली. एकूण ४१ भाग. कॉनन डॉयलनं होम्सवर कथा-कादंबऱ्या लिहिल्या साठ. म्हणजे दोन तृतीयांश होम्स ह्या एका माणसानं अंगावर वागवला.

मी होम्स आधी मराठीतून वाचला होता. तालुक्याच्या वाचनालयात, खाकी कव्हर घातलेल्या पुस्तकांतून. एका कथेचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेलं होतं. रहस्यकथेचं शेवटचं पान फाडणाऱ्यासाठी नरकात वेगळी कढई असावी असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. पुढे कितीतरी वर्षांनी ब्रेटचे भाग पाहायला मिळाले आणि ते फाटलेलं पानही भेटलं. पण सांगायचं आहे ते वेगळंच.

पूर्ण नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. जन्म ३ नोव्हेंबर १९३३, इंग्लंडमधल्या वॉरिकशरमधल्या बर्कस्वेल गावी. चार भावांत धाकटा. वडील लष्करात लेफ्टनंट कर्नल. आई चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्याच्या नात्यातली. शिक्षण ईटनला. पैशाअडक्याची ददात कसली ती नाही. पण अक्षरं डोळ्यांपुढे उलटसुलट होत, आज ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात ते. अभ्यासात यथातथाच, गाण्यात मात्र वरचा. शाळकरी वयातच ऱ्हुमॅटिक ताप झाला. ह्या तापात आधी सांधे धरतात. सांधे पुढे मोकळे होतात, पण हृदयाला लागलेला डाग जात नाही. हा डाग श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

मुलानं नट व्हायचं ठरवलं तेव्हा कर्नलसाहेबांनी एकच अट घातली. घराण्याचं नाव पोस्टरवर दिसता कामा नये. आपल्याकडेही 'नाटक्या' हा शब्द कौतुकानं कुणी उच्चारत नसे, तेव्हा ह्यात इंग्रजांना हसण्यासारखं काही नाही. मग नवं आडनाव कुठून आणायचं? तो स्वतः सांगायचा की पहिल्यावहिल्या सुटाच्या आत शिंप्याची पट्टी होती, तिच्यावर 'ब्रेट अँड कंपनी' असं होतं. घेतलं ते. माझ्या मनात नेहमी येतं, की हगिन्स ह्या नावात 'र' नाही. जिभेचं ऑपरेशन नुकतंच झालेला पोरगा 'र' नसलेलं आडनाव टाकतो आणि पहिल्याच जोडाक्षरात 'र' असलेलं घेतो. योगायोग असेल. मला तो योगायोग आवडतो.

मधली तीस वर्षं मी भराभर सांगतो. लंडनमध्ये नाट्यशिक्षण, १९५४ला मँचेस्टरच्या रंगमंचावर पहिलं पाऊल, मग लंडनचं ओल्ड व्हिक नाट्यगृह. १९५६च्या 'वॉर अँड पीस' चित्रपटात ऑड्री हेपबर्नचा भाऊ. १९५८ला अॅना मॅसी ह्या अभिनेत्रीशी लग्न, एक मुलगा, चार वर्षांत घटस्फोट. १९५९ला आई मोटार अपघातात गेली. १९६१ला हॅम्लेट. १९६४च्या 'माय फेअर लेडी'त नायिकेच्या घराखाली रस्त्यावर उभा राहून गाणारा तो देखणा फ्रेडी म्हणजे हाच. आणि गंमत अशी की ज्याचा गळा खरोखर चांगला होता त्याला तिथे दुसऱ्याचा आवाज दिला! नंतर लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये काही वर्षं. थोडक्यात, काम भरपूर, चेहरा ओळखीचा, पण ज्याच्यासाठी लोकांनी घरी लवकर यावं असं काही नाही. अमेरिकेत त्यानं एका नाटकात होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसनही केला. होम्स होता चार्लटन हेस्टन.

मग ग्रॅनडाचे निर्माते मायकेल कॉक्स ह्यांनी त्याला होम्ससाठी विचारलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं. आधी हा फारसा उत्सुक नव्हता. इतक्यांनी केलेला होम्स, त्यात आपण काय नवं करणार? मग मूळ कथा पुन्हा वाचायला बसला आणि त्याच्या ध्यानात आलं की पडद्यावरचा होम्स आणि कागदावरचा होम्स हे वेगळेच गृहस्थ आहेत. ग्रॅनडानंही सगळ्या कथा चाळून एक टिपणवही तयार केली होती, 'बेकर स्ट्रीट फाइल'. होम्स काय खातो, तंबाखू कुठे ठेवतो, कुठल्या पत्राला काय करतो. ब्रेटला तर ते वेडच लागलं. सेटवर मूळ पुस्तक हाताशी असायचं, आणि संवादलेखकानं डॉयलचं वाक्य विनाकारण बदललं की हा दिग्दर्शकाशी भांडायला उभा. पूर्वी ज्या 'स्ट्रँड' मासिकात ह्या कथा आल्या, त्यातली सिडनी पॅजेटची चित्रं समोर ठेवून बसण्या-उभं राहण्याच्या ढबी बेतल्या. कीर्तनकार संहितेला चिकटून राहून आख्यान रंगवतो ना, तसं काहीसं.

पहिला भाग लागला २४ एप्रिल १९८४ला.

आता रेडिओवर दाखवता येत नाही म्हणून दोन जागा सांगतो. लाल केसवाल्यांच्या मंडळाची कथा आहे, तिच्या सुरुवातीला वॉटसन दारात येतो. होम्सला त्याला आत ओढून घ्यायचंय आणि मध्ये सोफा. दुसरा नट सोफ्याला वळसा घालून आला असता. ब्रेट सरळ सोफ्यावरून उडी मारून येतो. काळा कोट, पन्नाशीचं वय आणि उडी मात्र मांजराची. त्या एका उडीत बुद्धीला भूक लागलेला माणूस कसा वागतो ते सगळं आलं.

दुसरी जागा अगदी उलट. 'नेव्हल ट्रीटी'. सरकारी कागद चोरीला गेलेत, अशील आजारी होऊन पलंगाला खिळलाय, त्याची वाग्दत्त वधू काळजीत. आणि आमचे होम्ससाहेब बोलता बोलता खिडकीशी जातात आणि गुलाबाचं फूल हातात घेतात. डॉयलच्या कथेतच आहे हे, आणि वाचताना ते जरा ओढूनताणून वाटतं. बाकीच्या गोष्टी, अन्न, भूक, सगळं जगायला लागतं म्हणून आहे, पण फुलाचा वास आणि रंग ही वरकड मिळालेली वस्तू, असं काहीसं तो म्हणतो. ब्रेट तिथे आवाज इतका खाली आणतो की खोलीतल्या लोकांना विसरून तो स्वतःशीच बोलतोय. इंग्रजीत गुलाबाच्या पहिल्याच अक्षरात 'र' आहे. तो स्वच्छ, गोल, जरा रेंगाळून येतो. मी तो प्रसंग मागे नेऊन कितीदा ऐकलाय ह्याचा हिशोब नाही. घरचे म्हणतात, गुन्हेगार सापडला का? मी म्हणतो, नाही, अजून फूलच चाललंय.

आता ज्या भागात अफवाच जास्त आहेत तिकडे वळतो.

ब्रेटबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. होम्सनं त्याला खाल्लं. भूमिकेत इतका शिरला की बाहेर येता येईना, आणि डोक्यावर परिणाम झाला. आपल्याला ही गोष्ट पटकन पटते, कारण परकायाप्रवेश हा शब्द आपण नटाच्या स्तुतीसाठी अगदी सढळ हातानं वापरतो. दुसऱ्याच्या देहात गेलेला जीव परत यायच्या आत मूळ देह जाळला गेला, तर? कथा उत्तम आहे. ब्रेटही मुलाखतींतून तिला थोडं इंधन घालायचा. होम्स ही आपली चंद्राची काळी बाजू आहे, तो एकलकोंडा आणि आपण माणसांत रमणारे, असं म्हणायचा. ही भूमिका आपल्याला हॅम्लेटपेक्षाही जड गेली, असंही.

मीही बरीच वर्षं हेच मानत होतो. आता मानत नाही.

तारखा पाहा. ब्रेटची दुसरी पत्नी जोन विल्सन. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ब्रिटिश मालिका आणणारी नामांकित निर्माती. ४ जुलै १९८५ला ती कर्करोगानं गेली. त्याच सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तो भाग लागला ज्यात होम्स आणि त्याचा कट्टर वैरी मोरिआर्टी स्वित्झर्लंडच्या रायखेनबाख धबधब्यात कोसळतात. जगाला वाटलं होम्स मेला. इकडे नटाचं घर रिकामं झालेलं. पहिला वॉटसन डेव्हिड बर्क हाही बायकोमुलाजवळ राहता यावं म्हणून मालिका सोडून गेला. त्याच्या जागी एडवर्ड हार्डविक आला. तो जुना ओळखीचा, ऑलिव्हिएच्या कंपनीतला, हे नशीबच. ब्रेट दुःखाला बसण्याऐवजी परत कामाला लागला, आणि १९८६मध्ये कोसळला. मनोविकारतज्ज्ञांकडे दाखल करावं लागलं. निदान झालं मॅनिक डिप्रेशन, ज्याला आता बायपोलर म्हणतात. काही आठवडे माणूस आभाळाला हात लावतो, झोप नको, जेवण नको, पैसा उधळायचा, बोलणं थांबत नाही. मग विहिरीच्या तळाशी. हा आजार कुठल्या भूमिकेनं होत नाही. तो घराण्यातून, मेंदूच्या घडणीतून येतो, आणि शोक, जागरण, अतिश्रम ह्यांनी उसळतो. शोक, जागरण, अतिश्रम, तिन्ही इथे हजर होते.

आणि खरं सांगायचं तर होम्स हा त्या काळात त्याला पकडून ठेवणारा खुंटाही होता. डॉयल स्वतः डॉक्टर. त्यानं पहिल्याच कादंबरीत होम्सचं वर्णन करून ठेवलंय. काम अंगात आलं की थकणं माहीत नाही, आणि उतरलं की दिवसेंदिवस दिवाणखान्यातल्या सोफ्यावर पडून, एक शब्द नाही, हालचाल नाही. म्हणजे भरती-ओहोटी कागदावर तयारच होती. ज्याला आपल्या भरती-ओहोटीनं आयुष्य नकोसं केलं, त्याला तीच ठरल्या वेळी, ठरल्या उजेडात, 'कट' म्हणेपर्यंत वापरायला मिळत होती.

एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. होम्सला कोकेनचं व्यसन, हे वाचकांना ठाऊक आहे. ब्रेटच्या लक्षात आलं की ही मालिका लहान मुलंही पाहतात. १९८८चा 'डेव्हिल्स फूट' नावाचा भाग कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी चित्रित होत होता. त्यानं डॉयलची कन्या डेम जीन ह्यांची परवानगी घेतली, आणि होम्स किनाऱ्यावरच्या वाळूत इंजेक्शनची सुई पुरून टाकतो असा प्रसंग घातला. एकही शब्द नाही. डॉयलच्या स्वल्पविरामासाठी भांडणारा हा माणूस, त्यानं मूळ कथेत भर घातली ती अशी. वाळू हातानं ओढून खड्डा बुजवतो, बस. पाहताना मला तो होम्स वाटत नाही.

उपचार होता लिथियमचा. लिथियम म्हणजे साधा क्षार. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड ह्यांनी १९४९मध्ये त्याचा गुण प्रथम मांडला, आणि तेव्हापासून त्यानं अक्षरशः लाखो घरं सावरली आहेत. पण गुण आणि विष ह्यांतलं अंतर चार बोटांचं. रक्तातली पातळी सतत तपासावी लागते. तहान लागते, हात थरथरतात, वजन वाढतं, अंग जड होतं. ब्रेटच्या बाबतीत शाळेतला तो डाग आता पुढे आला. हृदय मोठं झालेलं, दमछाक, आणि थकलेलं हृदय शरीरात पाणी साठवतं. त्यावर पाणी काढायच्या गोळ्या दिल्या तर त्यांतल्या काही रक्तातलं लिथियम वाढवतात. दोन आजारांची औषधं एकमेकांच्या मुळावर. वर ह्या गृहस्थांची स्वतःची सिगारेट, होम्सच्या पाइपाहून कितीतरी जास्त.

परिणाम पडद्यावर दिसला. काटकुळा, गालफडं बसलेला, ससाण्यासारखा होम्स नव्वदीनंतर सुजलेला दिसू लागला. हालचाल मंद. सोफ्यावरून उडी कुठली, सोफ्यातून उठताना हात टेकावा लागतो.

आणि पाहणारे काय म्हणाले? सुटलाय. मीसुद्धा म्हणालो, खोटं कशाला बोलू. मित्राच्या घरी १९९३चा एक भाग पाहत होतो, आणि मीच म्हणालो, "ह्याला आता कुणीतरी भजी द्यायची बंद करा." सगळे हसले. त्या खोलीत आमच्या हौशी नाट्यसंस्थेतले एक ज्येष्ठ नटही बसले होते. ते हसले नाहीत. चहाची कपबशी त्यांनी खाली ठेवली, बशीत कप जरा वाजला, आणि मग म्हणाले, "अरे, माझे हात बघितलेस का कधी?" मी कधीच बघितले नव्हते. दहा वर्षं एका विंगेत उभे राहत होतो आम्ही. त्यांच्या खिशातल्या गोळ्या मला मधुमेहाच्या वाटत होत्या. दोन वर्षांपूर्वी तालमीत आम्ही त्यांना 'काका, पोट' म्हणून चिडवायचो, त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी लागला. त्यानंतर ब्रेटचे शेवटचे भाग मी पुन्हा पाहिले, ह्या वेळी हात पाहत.

ते शेवटचे सहा भाग १९९४चे. चित्रीकरणाच्या मध्ये प्राणवायू द्यावा लागे. एकदा सेटवरच कोसळला. एका भागाच्या वेळी तो रुग्णालयातच होता, तेव्हा होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट, म्हणजे चार्ल्स ग्रे, ह्यानं रहस्य सोडवलं आणि होम्सला जेमतेम ठिगळासारखं जोडलं. दुसऱ्या एका भागात हार्डविकच मोकळा नव्हता, तेव्हाही मायक्रॉफ्टच धावून आला. प्रेक्षकांना वाटलं, लेखकांना चळ भरलाय. आपल्या नाटकवाल्यांना हे लगेच कळेल. तिसरी घंटा झालीय, पडदा उघडायचाय, कोण उभं राहू शकतंय ते बघा आणि ढकला.

त्याच सहांत 'डाइंग डिटेक्टिव्ह' आहे. कथेतला होम्स गुन्हेगाराला फसवायला मरणाचं सोंग घेतो. तीन दिवस उपाशी राहतो, कपाळाला व्हॅसलिन, डोळ्यांत बेलाडोना, ओठांवर मेणाच्या पापुद्र्यांची पुटं. शेवटी उठून बसतो आणि सोंग कसं वठवलं ते मिस्किलपणे सांगतो. खरोखर धाप लागलेला नट धाप लागल्याचं नाटक करणाऱ्या माणसाचं काम करतोय, आणि पुढच्याच क्षणी त्याला ठणठणीत होऊन हसायचंय. सोंग सोपं होतं, तो ठणठणीतपणाच अभिनय होता. मालिकेचा अखेरचा भाग लागला ११ एप्रिल १९९४ला. उरलेल्या कथा उरल्याच.

सेटवरची माणसं त्याच्याबद्दल फार मायेनं बोलतात. भेटी वाटणारा, शॅम्पेन उघडणारा, स्पॉटबॉयपासून सगळ्यांची नावं माहीत असलेला. ह्यातलं आजाराच्या उधाणाचं किती आणि स्वभावाचं किती, हे वेगळं काढण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ज्याला शॅम्पेन मिळाली त्यानं ती प्यावी.

१९९५, शेवटचं वर्ष. तेव्हा मनाच्या आजाराबद्दल नट मंडळी उघड बोलत नसत, काम जायची भीती. ब्रेट मात्र बोलत होता, आणि त्या वर्षी तो बीबीसीच्या रेडिओवर आला. बायपोलरग्रस्तांच्या संस्थेसाठी मदतीचं आवाहन करायला. आपल्याला हा आजार आहे असं त्यानं तिथे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ह्या माध्यमाची एक सोय आहे, श्रोतेहो. सूज दिसत नाही. थरथरणारे हात दिसत नाहीत. पडद्यावरचा होम्स किती बदललाय ह्यावर बोलणाऱ्यांना त्या वेळी फक्त आवाज ऐकावा लागला, सतराव्या वर्षापासून रोज घासलेला.

१२ सप्टेंबर १९९५ला लंडनच्या क्लॅपहॅम भागातल्या घरी तो झोपेतच गेला. हृदय थांबलं. वय ६१.

'नेव्हल ट्रीटी' कुठे सापडला तर गुलाबाच्या प्रसंगाला आवाज थोडा वाढवा. पहिलंच अक्षर आहे.

नमस्कार.